डेलियासाठी पितळी पिनहोल्डर: फोम सोडल्यानंतरचा एक हंगाम

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी साडेसात सेंटिमीटर व्यासाचा एक गोल पितळी पिनहोल्डर विकत घेतला आणि डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पुण्यातल्या आमच्या गच्चीवरच्या डेलियाच्या पूर्ण हंगामात, तो जवळजवळ रोज वापरला. शिशाच्या जड बैठकीत दाटीने रोवलेल्या टोकदार पितळी सुया, एवढेच या वस्तूचे स्वरूप. इकेबानात, म्हणजे जपानी पुष्परचनेत, तिला केन्झान म्हणतात. आपल्याकडे पुष्परचनेच्या वर्गांत आणि स्पर्धांत पिनहोल्डर हेच नाव रूढ आहे. हंगामभराच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की मध्यम आकाराच्या डेलियासाठी याच्याइतके योग्य साधन दुसरे नाही. मात्र डेलियाचा देठ इतर फुलांच्या देठांसारखा नसल्यामुळे ते वापरण्याची रीत शिकून घ्यावी लागते, आणि ती सांगणारा कागद पिनहोल्डरच्या खोक्यात नसतो. म्हणून हे परीक्षण थोडे विस्ताराने लिहीत आहे.

त्याआधी मी फोम वापरत असे. फुलवाले जिला ओअ‍ॅसिस म्हणतात ती हिरवी वीट पाण्यात भिजवायची आणि तिच्यात देठ खोचायचे, ही पद्धत सोपी आहे हे मान्यच करावे लागेल. मागच्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी मी सकाळी अकरा डेलिया कापून फोममध्ये लावले, आणि संध्याकाळी बायका येऊ लागल्या तेव्हा त्यांपैकी सहा फुलांनी माना टाकल्या होत्या. त्याच सकाळी कापलेली आणखी दोन फुले जागेअभावी स्वयंपाकघराच्या खिडकीत साध्या तांब्यात ठेवली होती. ती पुढे चार दिवस ताठ राहिली. झाडे तीच होती, कापण्याची वेळही तीच होती. फरक होता तो देठ कशात उभा आहे एवढाच.

याचे कारण देठाच्या रचनेत आहे. डेलियाचा देठ पोकळ असतो. हे फूल मूळचे मेक्सिकोचे, आणि तिथल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत त्याला ‘आकोकोत्ली’ म्हणत; या नावात पाणी आणि नळी हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. डेलिया हे नाव पुष्कळ नंतरचे आहे. माद्रिदच्या वनस्पती उद्यानातील कावानिलेस यांनी १७९१ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स दाल यांच्या सन्मानार्थ ते दिले. फुले कापून घरात ठेवणाऱ्याला जुने नाव अधिक उपयोगी पडते, कारण त्यात या फुलाची गरज आणि त्याचा नाजूकपणा दोन्ही सांगितले आहेत. फुलाला लागणारे पाणी मधल्या पोकळीतून चढत नाही. ते पोकळीभोवतीच्या मऊ, रसाळ भिंतीतल्या सूक्ष्म नलिकांमधून चढते. असा देठ फोममध्ये दाबून बसवताना नेमकी ही भिंत चेंगरते, फोमचा बारीक भुगा कापलेल्या तोंडाशी अडकतो, आणि देठ एकदा बाहेर ओढून पुन्हा खोचला तर खाली हवेची पोकळी राहून त्याला पाणीच लागत नाही. गुलाबाचा टणक देठ हे सारे सोसतो. डेलियाला ते सोसत नाही. शिवाय फोम वरून कोरडा पडला की पुन्हा पाणी ओतूनही पहिल्यासारखा भिजत नाही, आणि पुण्याच्या कोरड्या थंडीत तो लवकर कोरडा पडतो.

फोम सोडण्याचे दुसरे कारण माझ्या फुलांपुरते नाही. हा पदार्थ १९५४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात व्हर्नन स्मिथर्स यांनी बाजारात आणला. तो फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून केलेल्या रेझिनचा, म्हणजे शेवटी प्लॅस्टिकचाच, फेस आहे. हाताने चुरला की त्याचे पीठ होते आणि ते पीठ मोरीतून थेट सांडपाण्यात जाते. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी हा भुगा पाण्यातले प्राणी खातात आणि त्यातून पाण्यात अपायकारक रसायने उतरतात, असे दाखवले आहे. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोमला मनाई केली. आपल्याकडे मात्र लग्नाच्या मंडपापासून सत्काराच्या पुष्पगुच्छापर्यंत तो सर्रास दिसतो आणि दुसऱ्या दिवशी फुलांसकट ओल्या कचऱ्यात पडतो. ज्या कचऱ्याचे खत व्हायचे त्यात ही हिरवी वीट टाकली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

आता खरेदीविषयी. मी पहिला पिनहोल्डर घरबसल्या मागवला आणि तो फसला. चित्रात तो जड आणि सोनेरी दिसत होता. हातात आला तेव्हा बैठक हलकी होती आणि सुया लोखंडी असून त्यांच्यावर केवळ पिवळा मुलामा होता. दहा दिवसांत सुयांच्या बुडाशी तांबूस गंज धरला आणि पाणी गढूळ होऊ लागले. दुसरा मी दुकानात जाऊन, हातात तोलून घेतला. त्याला अकराशे रुपये पडले, आणि पहिल्यावर घालवलेले साडेतीनशे वेगळेच. तुम्ही दुकानात घेणार असाल तर खिशात छोटे लोहचुंबक न्यावे. पितळ किंवा शिसे यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. चुंबक सुयांना धरून राहिला तर ती वस्तू परत ठेवावी. दुसरी परीक्षा वजनाची आहे. साडेसात सेंटिमीटरचा चांगला पिनहोल्डर तळहातावर ठेवला की हात किंचित खाली जातो. तिसरी गोष्ट सुयांच्या दाटीची. सुया विरळ असतील तर बारीक देठ त्यांच्यात उभा राहत नाही, म्हणून विरळ सुयांचा पिनहोल्डर केवळ स्वस्त आहे म्हणून घेऊ नये.

शिशाबद्दल एक सावधगिरी आवर्जून सांगते. पिनहोल्डर ज्या भांड्यात ठेवायचा ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला किंवा नैवेद्याला वापरू नये, त्यातले पाणी तुळशीला घालू नये, आणि हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवावेत. घरात रांगते मूल असेल तर तो उंचावरच ठेवावा. सुयांमुळे ते करावेच लागते.

वापराची रीत फूल कापण्यापासून सुरू होते, कारण चुकीच्या वेळी कापलेले फूल कोणतेही साधन वाचवू शकत नाही. गुलाब किंवा ग्लॅडिओलस कळीत कापला तरी घरात उमलतो. डेलियाची कळी कापल्यावर जवळजवळ आहे तशीच राहते, म्हणून फूल पूर्ण किंवा तीन चतुर्थांश उमललेले असतानाच कापावे. कापण्यापूर्वी ते उलटे करून मागच्या पाकळ्यांना बोट लावून पाहावे. त्या टवटवीत आणि गच्च लागल्या तर फूल ताजे. मऊ, कागदासारख्या लागल्या तर ते झाडावरच राहू द्यावे. मी सूर्य गच्चीवर येण्याआधी, पाण्याने भरलेली बादली शेजारी ठेवूनच कापते आणि देठ लगेच पाण्यात बुडवते. घरात आणल्यावर पाण्याखाली धरून देठाचे टोक पुन्हा दोन सेंटिमीटर तिरके कापते. इकेबानात याला मिझुकिरी म्हणतात, आणि देठाच्या नलिकांत हवा शिरू नये हा त्यामागचा हेतू असतो. डेलिया वाढवणारे अनेक जण देठाचे टोक सत्तर-ऐंशी अंश तापमानाच्या पाण्यात ठेवून ते पाणी निवेपर्यंत तासभर तसेच राहू देतात. मी दोन्ही रीती करून पाहिल्या. माझ्या फुलांत मला मोठा फरक दिसला नाही, म्हणून सोपी होती ती पहिली ठेवली. पाण्याच्या पातळीखाली येणारे प्रत्येक पान मात्र काढलेच पाहिजे, कारण डेलियाची पाने पाण्यात एका दिवसात कुजू लागतात.

पिनहोल्डरशी डेलियाची खरी गाठ पडते ती देठ सुयांवर बसवताना. पहिल्या आठवड्यात मी देठ सरळ सुयांवर दाबत होते, आणि पोकळ देठाची कड फाटून तो चार बाजूंनी उकलत होता. फूल थोडा वेळ उभे राही आणि मग हळूहळू कलंडे. यावर इकेबानाच्या अभ्यासकांची एक युक्ती आहे, आणि डेलियासाठी हा पिनहोल्डर उपयोगाचा ठरला तो केवळ तिच्यामुळे. डेलियाच्या पोकळीत सहज जाईल अशी एक बारीक, टणक काडी घ्यायची, ती प्रथम सुयांत सरळ रोवायची आणि डेलियाचा देठ वरून तिच्यावर मोज्यासारखा चढवायचा. मी यासाठी कामिनीच्या डहाळीचे चार सेंटिमीटरचे तुकडे वापरते, कारण फुलवाल्याकडून आणलेल्या कामिनीच्या पाल्यातून ते आपोआपच मिळतात. काडी फार घट्ट बसता कामा नये, नाहीतर आतून भिंत फाटते. फार सैल असेल तर फूल तिच्याभोवती गोल फिरते. दोन-चार दिवसांत बोटांना तो अंदाज येतो. देठ काडीवर बसला की खालच्या टोकाशी सुया केवळ स्पर्श करतात, ते चिरडत नाहीत, आणि कापलेले तोंड मोकळ्या पाण्यात उघडे राहते.

फूल कलते लावायचे असेल तर काडी आधी सरळ रोवून मग हव्या त्या दिशेला झुकवावी. सुरुवातीलाच तिरकी खोचली तर ती सुयांत नीट बसत नाही. देठ फारच बारीक असेल, जसा आमच्या पांढऱ्या पाँपॉनचा, म्हणजे लहान, चेंडूसारख्या गोल फुलांच्या डेलियाचा असतो, तर तशा दोन देठांचे बूड सुती दोऱ्याने सैलसर बांधून ते एकत्र लावावेत. उंच आणि वजनदार फूल एका बाजूला कलल्यामुळे सारी रचनाच उलटू पाहते, तेव्हा विरुद्ध कडेवर दुसरा लहान पिनहोल्डर उपडा, सुयांत सुया अडकवून ठेवतात. माझा तो फसलेला लोखंडी पिनहोल्डर, अधूनमधून घासून, या कामाला लागला आहे.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम तुलना केली. एकाच कुंडीतल्या एकाच रोपाची, एकाच सकाळी कापलेली चार केशरी फुले घेतली. एक उरलेल्या फोमच्या तुकड्यात, एक पिनहोल्डरवर, एक तारेची जाळी भरलेल्या भांड्यात आणि एक साध्या तांब्यात ठेवले. चारही भांडी उत्तरेच्या खिडकीशी एका रांगेत होती. फोममधले फूल दुसऱ्या दिवशी दुपारी मलूल झाले. पिनहोल्डरवरचे आणि जाळीतले पाचव्या दिवसापर्यंत टिकले, आणि तांब्यातलेही पाचव्याच दिवशी मागच्या बाजूने सुकू लागले. एका फुलाच्या चाचणीवरून नियम काढता येत नाही, हे मी जाणते. पण हंगामभर माझा अनुभव याच दिशेचा आहे. कापलेला डेलिया चार ते सहा दिवस टिकला तर त्याहून जास्त मागू नये. पिनहोल्डर फुलाचे आयुष्य वाढवत नाही. फोम त्यातले जे दिवस काढून घेतो ते तो फुलाकडे राहू देतो, आणि तांब्यात जशी फुले एकमेकांवर रेलून पडतात तशी ती इथे पडत नाहीत.

भांड्याची निवड मला सर्वांत आनंद देऊन गेली. पिनहोल्डरला पसरट, सपाट बुडाचे भांडे लागते. आमच्याकडे सासूबाईंच्या माहेरचे तांब्याचे घंगाळ माळ्यावर पडून होते. अंघोळीच्या पाण्याचे ते भांडे आता कोणी वापरत नाही, आणि त्याचा जुना, मंद तांबडा रंग पिवळ्या डेलियाखाली फार शोभतो. सासूबाईंनी ते स्वतः चिंच आणि मीठ लावून घासून दिले. मी तळाशी रबराचा पातळ तुकडा टाकून त्यावर पिनहोल्डर ठेवते, म्हणजे तांब्यावर ओरखडे उठत नाहीत आणि पिनहोल्डर सरकतही नाही. पाणी सुयांच्या टोकांवर किमान दोन बोटे राहील इतके घालावे. पसरट भांड्यातले पाणी लवकर उडते आणि डेलिया पाणी पितोही भरपूर, म्हणून रोज सकाळी ते पूर्ण बदलावे. केवळ भर घालून भागत नाही. ताटलीसारख्या फार उथळ भांड्याच्या मोहात मी एकदा पडले आणि संध्याकाळपर्यंत सुया उघड्या पडल्या. भांड्याशेजारी केळी किंवा पिकती पपई ठेवू नये, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे फुले लवकर ढळतात.

पिनहोल्डर कुठे कमी पडतो तेही सांगितले पाहिजे. केनिया यलो या नावाने रोपवाटिकांत मिळणारा मोठा डेलिया आमच्याकडे एका कुंडीत आहे, आणि त्याचे फूल वीतभर रुंद होते. असे फूल साडेसात सेंटिमीटरच्या पिनहोल्डरवर मी तीनदा लावले आणि तीनही वेळा ते रात्रीतून पुढे झुकले. त्याचा देठ अंगठ्याएवढा जाड, पोकळी रुंद, आणि डोक्याचे वजन आतल्या काडीला पेलत नाही. या फुलांना जाळी हवी. हार्डवेअरच्या दुकानात कोंबड्यांच्या खुराड्याला लावायची षटकोनी जाळी मीटरवर मिळते. एक इंच भोकाची, जस्त चढवलेली जाळी अर्धा मीटर घेतली तर दोन भांड्यांना पुरते आणि शंभर रुपयांच्या आत काम होते. तिचा सैल चेंडू करून उंच भांड्यात दाबून बसवला की देठ दोन-तीन थरांतून जाऊन खोल पाण्यात सरळ उभा राहतो. विसाव्या शतकातील विख्यात ब्रिटिश पुष्परचनाकार कॉन्स्टन्स स्प्राय यांच्या भरघोस रचनांच्या पोटात हीच जाळी असे. तारेची कापलेली टोके पकडीने आत वळवावीत, नाहीतर हात आणि देठ दोन्ही ओरबाडले जातात. तांब्याच्या भांड्यात मात्र ही जाळी थेट ठेवू नये. जस्त आणि तांबे पाण्यात एकमेकांना टेकले की जस्त झपाट्याने झिजते. आत प्लॅस्टिकचा डबा ठेवून त्यात जाळी बसवावी. काचेच्या भांड्यात जाळी उघड दिसते आणि चांगली दिसत नाही. तिथे तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या चौकटी करणे बरे, पण पट्टी ओल्या कडेला चिकटत नाही, तेव्हा कड आधी पुसून घ्यावी.

तरीही मी पुन:पुन्हा पिनहोल्डरकडे वळते, आणि त्याचे कारण फुले टिकतात एवढेच नाही. फोम पूर्ण झाकावा लागतो, म्हणून फोमची रचना नेहमी गच्च भरलेली होते. जाळीही झाकावीच लागते. पिनहोल्डर पाण्याखाली असतो, चार पाने किंवा मूठभर गोटे टाकले की दिसेनासा होतो, आणि वरची जागा रिकामी ठेवता येते. डेलियाला ही रिकामी जागा फार मानवते. त्याच्या पाकळ्यांची मांडणी इतकी दाट आणि नेमकी असते की दहा डेलिया एकत्र कोंबले तर डोळा एकाही फुलावर ठरत नाही. तीन फुले, एक अर्धी उमललेली कळी आणि कामिनीची एक लांब फांदी यांत त्याचे रूप पुरेसे दिसते. एक फूल पूर्ण समोर, एक बाजूला वळलेले आणि एक थोडे पाठमोरे लावावे, कारण डेलियाचे मागचे अंगही पाहण्यासारखे असते. गडद किरमिजी डेलिया दिवसा मखमलीसारखा दिसतो, पण संध्याकाळच्या दिव्यात तो काळा पडतो. हळदीकुंकवासारख्या दिवेलागणीच्या समारंभाला पिवळा, पांढरा किंवा फिका गुलाबी निवडावा. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात कुंडीतले डेलिया पाहायला गर्दी होते. तिथे पुष्परचनांच्या टेबलांपाशीही थोडे थांबून स्पर्धकांनी देठ कसे कलवले आहेत ते पाहावे, फार शिकायला मिळते.

यंदाच्या संक्रांतीला घंगाळात सात डेलिया होते. सकाळी नऊला लावले आणि रात्री दहाला शेवटच्या बायका गेल्या तेव्हाही सातही फुले उभी होती. ज्या फुलांच्या माना पुढल्या दिवसांत मोडल्या ती मी देठाशी कापून त्याच घंगाळाच्या पाण्यावर तरंगत सोडली, आणि तशी ती आणखी दोन दिवस राहिली.

किमतीविषयी बोलायचे तर अकराशे रुपये एकरकमी जड वाटतात, परंतु मी हंगामात फोमच्या दहा-बारा विटा वापरत असे आणि त्यांचा खर्च दरवर्षी नव्याने होई. हा पिनहोल्डर नीट ठेवला तर बदलावा लागणार नाही. उणिवा अशा: देठ ओढताना मोडलेले तुकडे सुयांत अडकतात आणि ते जुन्या टूथब्रशने किंवा दाभणाने काढावे लागतात, माझ्या तीन सुया वाकल्या, त्या बारीक नळीच्या तोंडात धरून सरळ कराव्या लागल्या, आणि प्रवासात किंवा दुसऱ्याच्या घरी रचना न्यायची असेल तर पाण्याने भरलेले उथळ भांडे नेणे अवघड जाते. देवळात किंवा सभागृहात नेण्यासाठी मी अजूनही जाळी भरलेले उंच भांडेच वापरते.

मार्चमध्ये ऊन वाढले, फुले लहान होत गेली आणि रोपे पिवळी पडू लागली. पिनहोल्डर मी साबणाच्या पाण्यात घासला, उन्हात पूर्ण वाळवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कंदांच्या खोक्याशेजारी ठेवला. पुढच्या हंगामात पाँपॉनसाठी पाच सेंटिमीटरचा आणखी एक घेणार आहे, आणि तोही दुकानात जाऊन, चुंबक लावून.